नको असलेलं

थोरलीनं लॅपटॉप जुना घेतला तो नाइलाजानं. त्याची एक कळ निखळलेली होती, बॅटरी केव्हाच गेलेली, वायर काढली की जीव सोडल्यासारखा बंद पडायचा. हे सगळं तिनं चालवून घेतलं असतं, पण जागा! तिचं काम व्हिडिओ जोडून देण्याचं. शाळांचे कार्यक्रम, दुकानांच्या जाहिराती, कुणाच्या निरोपाचे समारंभ. एक कार्यक्रम आत घ्यायचा तर आधी दुसरा हाकलावा लागे. स्क्रीनवरची पट्टी लाल झाली की ती काय काढू, काय काढू करत घरभर येरझाऱ्या घालायची.

त्या शनिवारी तर तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. एका बालवाडीच्या क्रीडादिनाचा व्हिडिओ संध्याकाळी पालकांना दाखवायचा होता, आणि शेवटच्या टप्प्यावर येऊन काम अडलं. जागा नाही.

आई शेजारच्या खोलीत पडून होती. सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ वाईट निघाली होती आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, स्वरयंत्रच काढावं लागेल. आधीच घोगरा झालेला तिचा आवाज त्यानंतर मुळीच राहणार नव्हता. घरात कुणी तो विषय काढत नव्हतं. थोरलीनं तर स्वतःला कामात बुडवून घेतलं होतं.

शोधता शोधता तिला एक भलामोठा फोल्डर सापडला. नाव होतं, "नको असलेलं". धाकट्या भावाचा असणार, त्याच्याशिवाय हा लॅपटॉप कोण वापरणार! तिनं उघडूनही पाहिला नाही. कायमचा काढायचा का, असं विचारल्यावर हो म्हटलं आणि व्हिडिओ पुन्हा सुरू केला.

धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर जायचा. दुपारी जेवायला आला आणि तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "ताई, माझा एक फोल्डर होता इथे."

"कुठला?"

"नको असलेलं."

"नको असलेलं होतं ना? टाकलं."

"अगं, आईचा आवाज होता त्यात."

थोरलीला आधी कळेचना. मग त्यानं भराभरा सांगितलं. महिनाभर सकाळी ती कामाला बाहेर पडली की तो आईला फोनच्या कॅमेऱ्यापुढे बसवून वाक्यं म्हणून घ्यायचा. पाणी दे, दार लाव, मला झोप आलीय, असली साधी वाक्यं. पुढे आईनं काही टाइप केलं तर तिच्याच आवाजात ऐकू यावं म्हणून. फोन भरला की लॅपटॉपवर टाकायचा आणि फोनमधून काढायचा.

"मला का नाही सांगितलंस?"

"आईच नको म्हणाली. म्हणे, ती आली की उजेड बरोबर नाही, परत म्हण, असं करत बसेल. तू उघडू नयेस म्हणून तर तसं नाव दिलं!"

थोरलीचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. मुलं गोणपाटात पाय घालून धावत होती, आणि तो व्हिडिओ नुकत्याच मोकळ्या झालेल्या जागेवर पसरत चालला होता. पुसलेलं लगेच जात नाही, त्याच्यावर दुसरं लिहिलं की जातं, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं झटकन वायर उपटली.

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उलटापालटा केला. "पुसल्यावर किती वेळ चालू होता?"

"जेवणाच्या वेळेपर्यंत."

"अरेरे. डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची आहे म्हणून थोडीफार आशा. पण ज्याच्यावर लिहिलं गेलं ते गेलं, बाई. उद्या बघू."

दुकानाबाहेर उभं राहून तिनं बालवाडीच्या बाईंना फोन केला. त्या कडाडल्या, "पालकांना मी काय तोंड दाखवू?" पुन्हा काम मिळणार नाही हे फोन ठेवतानाच कळलं. पण तिच्या डोक्यात दुसरंच घुमत होतं. घरी जाऊन आईला काय सांगायचं?

सांगितलं धाकट्यानंच. आई उठून बसली. आणि मग तिच्या फाटक्या आवाजात जी सुरू झाली, ती थांबेचना. "महिनाभर पोपटासारखं बोलायला लावलंस मला! आणि तू गं? डोळे कुठे ठेवले होतेस?"

धाकट्यानं तिचं बोलणं टिपायला घाईघाईनं फोन काढला, कळ दाबली आणि कपाळावर हात मारला. फोनमध्येही जागा नव्हती. तो तिथेच बसून फोटो पुसायला लागला.

"हा बघ अजून पुसतोय!" आई म्हणाली आणि खोकता खोकता हसत सुटली. थोरलीला मात्र हसू येईना. ती उगाच पाणी आणायला गेली.

रविवारी दुपारी दुरुस्तीवाल्यानं जे हाती लागलं ते दिलं. निम्म्याहून जास्त गेलं होतं, काही मध्येच तुटलेलं. वाचलेल्यांत एक लांबलचक तुकडा होता. धाकटा बंद करायला विसरला असावा. भांड्यांचे आवाज, आणि मधूनच आई सांगतेय, "ती घरात असते तेव्हासुद्धा घरात नसते रे. घाबरलीय. मीही घाबरलेय. पण दोघींनी मिळून घाबरायला काय हरकत आहे?"

थोरलीनं ते पुढे ऐकलं नाही. लॅपटॉप बंद केला आणि आईच्या पलंगावर जाऊन बसली. "सरक जरा," ती म्हणाली. त्या संध्याकाळी दोघी खूप बोलल्या. धाकट्याचं लहानपणीचं बोबडं बोलणं, शेजारणीचा तोरा, मेल्यावर काय होतं, काहीही. बोलता बोलता आईचा आवाज बसला तरी ती थांबली नाही. ते टिपून ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सोमवारी आईला ऑपरेशनसाठी न्यायला आले तेव्हा ती काहीतरी मोठं बोलेल म्हणून थोरली कान टवकारून होती. आई म्हणाली, "तो पडदा ओढ गं, डोळ्यांवर ऊन येतंय."

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर आईनं काही म्हणायला ओठ हलवले. आवाज फुटला नाही. तिची नजर सैरभैर झाली. तशी थोरलीनं तिचा हात धरला आणि स्वतःच बोलायला लागली. बाहेर गाडी लावायला जागा नाही, नर्सबाई फार कडक आहे, धाकटा बाकावर घोरतोय. जे सुचेल ते, न थांबता, आईला झोप लागून तिच्या बोटांची पकड सैल होईपर्यंत ती बोलत राहिली.