दोघींचे दोन पिकप

सरोजताईंनी उभ्या जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता. काही पटलं नाही की त्या काहीतरी सोडत. नवरा न सांगता मित्रांबरोबर खडवलीला नदीवर गेला, तेव्हा साखर. लेकीने सायन्स टाकून कॉमर्स घेतलं, तेव्हा चातुर्मासभर मीठ. घरातली माणसं त्यांच्या ताटाकडे बघून ओळखायची, की आपलं काहीतरी चुकलंय.

म्हणून लेकाच्या, शौनकच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांना भात वाढून आईने स्वतः नुसती भाकरी घेतली, तेव्हा ऋजुताने विचारलंच.

"आई, भात?"

"शौनकची गिटार या घरात वाजली की घेईन." एवढं बोलून आईने उर्वीच्या पानात लिंबू वाढलं.

ऋजुताने उर्वीकडे पाहिलं. शौनकची बायको. वर्तकनगरहून सकाळी पहिली आलेली, स्वयंपाकघरात अशी वावरत होती जणू डोंबिवलीचं हे घर तिचंच. आणि गिटार कपाटावर पडलेली, पोटात दोन चौकोनी भोकं घेऊन.

ती गिटार ऋजुताने आणि शौनकने मिळून घेतली होती, दोघं नोकरीला लागल्या लागल्या. अर्धी पोकळ, अर्धी भरीव. वाइनच्या रंगाची, अंगावर दोन वळणदार खाचा. गुपचूप वाजवली तर जॅझला चालेल, दणकून वाजवली तर ब्लूजला. बहीणभाऊ पंधरा वर्षं ब्लूज वाजवत होते. मग उर्वी आली, आणि तिच्यासोबत जॅझ आला. शौनक बँड सोडून तिच्या गाण्यामागे बसायला लागला. ऋजुताने त्याच्याशी अबोला धरला, तो दोन वर्षं टिकला. सुटायच्या आत तो गेला. बेचाळिसाव्या वर्षी, पहाटे, छातीत कळ येऊन.

जाण्याच्या महिनाभर आधी त्याने जुने पिकप काढून टाकले होते. तारांखाली बसतो तो पिकप; लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारीच्या तारा थरथरल्या की तो थरथराट तोच उचलतो. जुने पिकप आवाज वाढवला की शिट्टी मारायचे. नवे कोणते घालायचे ते त्याचं ठरत नव्हतं, आणि ठरायच्या आतच सगळं संपलं.

"त्याला मऊ हवे होते," उर्वी म्हणाली. "दुहेरी गुंडाळीचे, कमी वेढ्यांचे. मला म्हणाला होता."

"मला नाही म्हणाला तसं."

"तुम्हाला कसा म्हणेल? तुम्ही बोलत नव्हता त्याच्याशी."

शौनक होता तेव्हा 'ए ताई' म्हणायची. तेराव्यापासून 'तुम्ही'वर आली होती. ऋजुताला वाटलं, शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं.

ठाकुर्लीला स्टेशनाबाहेर गुणाजींचं दुरुस्तीचं दुकान. गुणाजी पूर्वी एमआयडीसीत मोटारींच्या कॉइल भरायचे. निवृत्त झाल्यावर गिटारी धरल्या. दोघी एकाच वेळी पोचल्या आणि बाकाच्या दोन टोकांना बसल्या, मधे गिटार.

"एकच जोडी घ्या, एकाच कारागिराची," गुणाजी म्हणाले. "म्हणजे दोन्ही पिकपांचं जमतं."

"मऊ जोडी घाला," उर्वी.

"मऊ घालून काय करायचं? हॉटेलात लोकांच्या सुपाबरोबर वाजवायची?" ऋजुता म्हणाली. "एकेरी गुंडाळीचे घाला, जाड आवाजाचे. वाजवल्यावर माणसाला लागलं पाहिजे."

"तीन कॉर्ड आणि एक रडगाणं. त्याला लागायला काय लागतं?"

"तुझं ते जॅझ ना, बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटतं. वाजवणाऱ्यालाच कळत नाही कुठे चाललाय."

"शौनकला कळायचं."

गुणाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "हे बघा, भोकं दोन आहेत. मानेकडचा आवाज गोल येतो, तिथे यांचा मऊ घाला. ब्रिजकडचा, म्हणजे खाली तारा टेकतात तिथला, धारदार; तिथे तुमचा. आपापला आणून द्या, बसवतो. पण वेगवेगळ्या घरचे दोन आहेत, नांदतील याची हमी मी देत नाही."

तीन आठवड्यांनी दोघींचे दोन डबे आले. गुणाजींनी बारीक वायरी दोऱ्याला बांधून, परकरात नाडी ओवावी तशा, गिटारीच्या खाचेतून ओढून घेतल्या. "तपासून बसवले असते, पण तुम्ही दोघी माझ्या मानेवर उभ्या," असं पुटपुटत तारा चढवल्या आणि गिटार अ‍ॅम्पला लावली.

खटका वर केला की मानेकडचा पिकप. उर्वीने वाजवलं. आवाज तुपासारखा पाझरला. ऋजुताला ते आवडलं, आणि आवडल्याचा राग आला.

खटका खाली केला की ब्रिजकडचा. ऋजुताने एक तार ओढून खेचली. रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

"आता मधे ठेवा," गुणाजी म्हणाले. "दोन्ही एकदम."

मधे ठेवल्यावर गिटारीचा जीवच गेला. नाक चिमटीत धरून कुणी आरती म्हणावी तसा आवाज यायला लागला.

"वाटलंच होतं," गुणाजींनी मान हलवली. "चुंबकं उलटसुलट आहेत. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. एकमेकांचा रस खाऊन टाकतात, आपल्याला राहतो चोथा. काही नाही, दोघांतल्या एकाचं चुंबक उलटं करायचं. दहा मिनिटांचं काम. कुणाचं करू?"

"तिचं," दोघी एकदम म्हणाल्या.

"अहो, त्याने आवाजात फरक पडत नाही. एकेकटा वाजवला तर कळणारही नाही."

"मग तिचाच करा. कळणार नाही ना?" ऋजुता म्हणाली.

"माझ्या पिकपला हात लावायचा नाही. तो शौनकच्या पसंतीचा आहे."

"शौनकची पसंती मला सांगू नकोस. त्याला दवाखान्यात नेलंस तेव्हा फोन नाही केलास. तो गेल्यावर केलास. चार तासांनी."

उर्वी उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले. "दोन वर्षं त्याचा फोन घेतला नाहीत तुम्ही. त्या दिवशी घेतला असतात?"

गुणाजी स्टूल ढकलून उठले. "मी चहा घेऊन येतो. गिटार इथे राहू दे. दोघींपैकी जिला शहाणपण सुचेल तिने फोन करा."

ऋजुताने कल्याणला घरी पोचताच आईला फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. तिकडून जपाच्या मण्यांचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"गिटार एकीकडेच राहायची," शेवटी आई म्हणाली. "जी मागे सरेल तिला देईन. उर्वीलाही हेच सांगणारे."

रात्रभर ऋजुता ते मनात घोळवत राहिली. उर्वी काही मागे सरायची नाही. ती आपल्या पिकपला देवासारखी धरून बसलीये. म्हणजे आपण दहा मिनिटांचं चुंबक उलटं करायचं, ज्याने आवाजातही फरक नाही, आणि गिटार घरी. वर मोठेपणही आपलंच. पहाटे तिला चक्क गाढ झोप लागली.

बुधवारी संध्याकाळी ऑफिसातून ती थेट ठाकुर्लीला गेली. "माझा उलटा करा. आणि तिला सांगू नका."

गुणाजींनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "ताई, एक सांगायचं होतं. त्या उर्वीबाई आज..."

"तिच्याबद्दल एक शब्द नको."

"नाही, पण ऐका तरी."

"गुणाजी, एक शब्दसुद्धा नको. काम करायचंय का दुसरीकडे नेऊ?"

गुणाजींनी तोंड मिटलं आणि पेचकस उचलला.

रविवारी डोंबिवलीला आईची पोथी वाचून झाली, तशी तिने समोर सतरंजी घातली आणि पदर सावरून बसली. दोन महिन्यांत तिचे गाल आत गेले होते. कोकणातली बाई, भाताशिवाय घास घशाखाली उतरत नाही असं म्हणणारी. उर्वीने गिटार अ‍ॅम्पला लावून मानेकडचा वाजवून दाखवला. ऋजुताने ब्रिजकडचा. मग तिने गिटार मांडीवर सरळ केली आणि स्वतःचा आवाज शक्य तितका मवाळ केला.

"आई, एक सांगते. मी माझा पिकप उलटा करून घेतला. म्हटलं, कुणीतरी समजूत दाखवायला हवी."

उर्वीचा चेहरा पडला. ऋजुताने तो डोळे भरून पाहिला, आणि खटका मधे सरकवून तारांवरून हात फिरवला.

चोथा.

तिने खटका पुन्हा वरखाली केला, पुन्हा मधे आणला. तोच नाकातला, मेलेला आवाज.

"मीही केला," उर्वी जमिनीकडे बघत म्हणाली. "बुधवारी सकाळी."

"तू? कशाला?"

"तुम्ही कशाला केलात?"

"मला न सांगता करायची काय गरज होती?"

"तुम्ही सांगून केलात?"

"मी तुझी खोड मोडायला..." ऋजुता अडखळली. आई समोर होती.

"पूर्ण कर की," आई म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच खाली होता. "खोड मोडायला. आणि हिने तुझी मोडायला. मागे कोण सरलंय यात? दोघी पुढे सरसावलात, गिटार ओढायला. त्याच्यासाठी कुणीच केलं नाही."

खाली भाजीवाल्याने दोनदा हाक दिली.

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. "वाजली मात्र."

"आई, ही काय वाजली?"

"वाजली की, असं म्हटलं होतं मी. चांगली वाजली की, असं नव्हतं म्हटलं. व्रत शब्दाचं असतं." आत जाता जाता ती थांबली. "आणि गिटार, जी दुसरीच्या तोंडावर सांगून काही करेल तिची. चोरून केलेलं मला चालायचं नाही."

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तिघी जेवायला बसल्या. आईने भाताची मूद आमटीत कालवली, पहिला घास घेतला, आणि मग मान खाली घालून घाईघाईने, लहान मुलासारखी जेवली. शितं हनुवटीला लागली तरी तिला कळलं नाही. ऋजुताला ठसका लागला. उर्वीने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. ऋजुताने तो घेतला, आभार मानले नाहीत.

आई मागचं आवरायला आत गेली. ऋजुता दाराशी चपला शोधत होती. उर्वी सतरंजीची घडी घालत होती. गिटार भिंतीला टेकलेली.

"ए," ऋजुता तिच्याकडे न बघता म्हणाली. "शनिवारी ठाकुर्लीला जाणारे. माझा परत होता तसा करून घेते. तुझा राहू दे आता केलायस तसाच. सांगतेय तुला. नंतर कांगावा नको."

उर्वीची घडी हातातच राहिली. ऋजुताला एकदम उमगलं, आपण आत्ता काय केलं ते. आईने जे मागितलं होतं ते तिने केलं होतं, आणि ते ऐकायला एकटी उर्वीच होती. आत नळ चालू होता. दहा पावलं जाऊन आईला सांगायचं, की झालं. तिने एक चप्पल घातली. दुसरी सापडेना.

"आई," उर्वीने हाक मारली. आवाज कोरडा, तुटक. "ही माझ्या तोंडावर सांगून चाललीय. परत उलटा करणारे म्हणे."

नळ बंद झाला. "मग नेऊ दे," आतून आलं.

ऋजुताने गिटार पेटीत ठेवली. कुलूप नीट लागेना. उर्वीने वाकून दुसऱ्या बाजूची कडी दाबली.

"फोन केला होता मी," उर्वी खालच्या आवाजात म्हणाली. "त्या रात्री. ॲम्ब्युलन्समधून. तीनदा. माझा नंबर ब्लॉक केलेला होतास तू. मग चार तासांनी आईंच्या फोनवरून लावला."

ऋजुताने पेटीचा पट्टा ओढून घट्ट केला.

"शनिवारी किती वाजता?" उर्वीने विचारलं.

"चार."

"येईन. मधल्या खटक्यावर ऐकल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही."

"ठेवू नकोस," ऋजुता म्हणाली, आणि पेटी उचलून जिना उतरायला लागली.