रेडिओची गुणगुण

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. जुना म्हणा, हरकत नाही. भंगार म्हणालात तर मात्र आपलं जमायचं नाही. लाकडी खोकं, हस्तिदंती रंगाची बटणं आणि पोटात दिव्यांसारखे उजळणारे व्हॉल्व्ह, असा माझा थाट. कारखान्यातून निघालो तो एका शिंपीणबाईंच्या दुकानात आलो. त्या शिवणयंत्र चालवायच्या आणि मी गायचो. कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक गाणं संपेपर्यंत हलायचं नाही. काय भाव होता मला तेव्हा!

वय झालं तशी माझ्या आवाजामागे एक बारीक घूं घूं सुरू झाली. बाईंचे यजमान कौतुकाने म्हणायचे, "ऐकलंस? आपला रेडिओ गुणगुणतोय." घरात तोच शब्द रुळला. यजमान गेले, तरी बाई त्या गुणगुणीत आपला सूर मिसळून काज-बटणं करत बसायच्या. मग एक दिवस माझा आवाजच बसला आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. धूळ, झुरळं आणि एक बिनजोडीची चप्पल, एवढीच सोबत.

बऱ्याच वर्षांनी बाईंच्या लेकीने मला उचलून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका ताईंकडे नेलं. ताईंनी आधी विचारलं, "घरी प्लगला लावून नाही ना बघितलात?"

"नाही."

"वाचला बिचारा. इतकी वर्षं बंद असलेल्याला एकदम वीज दिली, तर तो आतून जळतो."

त्या ताईंचे हात काय वर्णावेत! माझ्या पोटात कपॅसिटर नावाच्या छोट्या डब्या आहेत. वीज साठवून, तिचे हेलकावे मोडून ती शांतपणे पुढे सोडायची, हे त्यांचं काम. त्या आतून पार सुकल्या होत्या. ताईंनी एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, धन-ऋण टोकं दोनदा बघायची आणि मगच पुढचीला हात घालायचा. घाई म्हणून नाही. एवढंच नव्हे, तर मोठी जुनी डबी पोकळ करून नवा कपॅसिटर तिच्याच पोटात बसवला, माझं आतलं रूपही बिघडू नये म्हणून. शेवटी वीज सोडताना वाटेत एक साधा बल्ब जोडला. आत बिघाड उरला असता तर तो भगभगतच राहिला असता. बल्ब लख्ख पेटला. माझा जीव टांगणीला लागला. मग तो हळूहळू मंदावला.

"शहाणा आहेस," ताई मला म्हणाल्या.

बाई मला न्यायला आल्या. "ती घूं घूं सुकलेल्या कपॅसिटरमुळे होती, तो बदललाय," म्हणत ताईंनी बटण फिरवलं, मी स्वच्छ गाऊ लागलो, आणि बाईंचा चेहरा उतरला.

"हा आमचा नव्हे. आमचा गुणगुणायचा. ह्यांचा शब्द होता तो. ताई, तसलाच जुना कपॅसिटर बसवा."

ताईंनी हातातली तारा जोडायची, डाग देण्याची सळई खाली ठेवली. "काकू, रेडिओ तुमचा आहे. पण ती गुणगुण नव्हती, कण्हणं होतं. तसला बसवला तर चार दिवस कण्हेल आणि मग आतून जळेल. तेव्हा मलाही उठवता यायचा नाही."

तेवढ्यात गाणं संपलं. क्षणभर शांतता, मग निवेदिकेने घेतलेला हलकासा श्वास, मग तिचे शब्द.

"अगंबाई! ही बोलायच्या आधी श्वास घेते!" बाईंचे डोळे भरले. "इतकी वर्षं ऐकलं, त्या घूं घूंमध्ये हे कधी ऐकूच आलं नाही. ह्यांना ऐकवायला हवं होतं." आणि पदराने माझी काच पुसत म्हणाल्या, "राहू दे, ताई. कण्हायला लावायचं नाही त्याला."

हल्ली गुणगुणायचं काम बाईंनीच हाती घेतलंय. थोडं बेसूर असतं, पण मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र कुरकुरत असेल, किंवा एखादं माणूस, तर 'त्याची सवयच आहे' म्हणून हसून सोडून देऊ नका. जवळ बसा आणि विचारा, कुठे दुखतंय?