सातवं ग्रीन

नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या गोल्फ क्लबात नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं, इथे माणसांपेक्षा गवताचे लाड जास्त. हिवाळ्याआधी ग्रीनला, म्हणजे होलाभोवतीच्या त्या तलम हिरवळीला, बारीक छिद्रं पाडायची, त्यांत वाळू भरायची, गवत थोडं उंच ठेवायचं, पडलेली पानं रोज झाडायची. एवढं करून ते गोठलं की त्यावर पाय ठेवायचा नाही. गोठलेली पाती पापडासारखी मोडतात, आणि उमटलेली पावलं काळी पडून वसंतापर्यंत तशीच राहतात.

हे मी माझ्या नवऱ्याला, अपूर्वला, जेवताना इतकं ऐकवलं होतं की तो म्हणायचा, "नीला, आता गवत पुरे, वरण वाढ." पण यंदा आमच्या मुख्य माळ्यानं, विमनं, सातवं ग्रीन माझ्या एकटीच्या हवाली केलं होतं. ते हिवाळ्यातून नीट निघालं तर नोकरी पक्की. शेतकीची पदवी गुंडाळून नवऱ्यामागे आलेल्या बाईला त्याचं काय अप्रूप असतं, ते अपूर्वला चांगलं ठाऊक होतं.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. पुण्याहून आलेल्या बॉसना, प्रतापसरांना, रॉटरडॅमचं बंदर दाखवतो म्हणून अपूर्व सकाळीच निघाला. मागोमाग विमचा फोन आला, सगळं गोठलंय, येतेस का? मी गेले, सातव्याला दोरी बांधली, झेंडा काढून बाजूच्या तात्पुरत्या होलात रोवला आणि पुढच्या कामाला लागले.

परत येऊन बघते तर दोरी सोडलेली आणि ग्रीनच्या मधोमध दोघं उभे. एक फोटोत पाहिलेले प्रतापसर. दुसरा अपूर्व! माझ्याच स्टाफ पासवर खेळायला आलेला.

"अहो, बाहेर या, गवत मरेल!" मी मराठीतच ओरडले.

"अरे वा, आपल्याकडच्या दिसताय!" सर खूश झाले. "बघ अपूर्व, बायका इथे येऊन काय काय करतात. तू पण मिसेसना बोलावून घे आता. किती दिवस पुण्यात ठेवणार?"

मी अपूर्वकडे पाहिलं. तो माझ्या चिखलानं भरलेल्या गमबुटांकडे बघत होता.

"हो सर," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बघतो."

याला माझी लाज वाटत होती, आणि मी मात्र घरी बसून याला कौतुकानं गवताच्या गोष्टी सांगत होते. भयंकर संताप आला.

तेवढ्यात विम गाडी घेऊन आला. दोरी कोणी सोडली, त्यानं विचारलं.

"या लेडीनं सांगितलं चालेल म्हणून," अपूर्व इंग्रजीत म्हणाला. अगदी सहज.

विमनं त्यांच्या पायाखालचं गवत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तू तसं सांगणार नाहीस," तो म्हणाला. वर्षभराच्या ओळखीवर त्या परक्या माणसानं एवढा विश्वास ठेवावा! मला रडूच आलं.

"कोण आहेत हे? ओळखीचे आहेत का तुझ्या?"

अपूर्वनं आता कुठे माझ्या डोळ्यांत पाहिलं. सांभाळून घे, असं विनवत होता.

"नाही," मी म्हटलं. मग त्या दोघांकडे वळून मराठीत सांगितलं, "आलात त्याच पावलांवर पाय देत खाली उतरा. बाकीचं तरी वाचू दे."