दयाळ आत जाईना

"सकाळधरनं त्या लिंबाखाली बसलीयास. आज घरला सून येनार हाय का त्या पाखराची आय?"

तानाजी अंगणातून ओरडला आणि मला ते माझ्या चुलीपाशी ऐकू आलं. मधे मेंदीची वई आहे, पण ती शेळ्यांनी निम्मी खाल्लीय, त्यामुळे तिकडचं भांडण इकडे यायला वेळ लागत नाही. तानाजी आणि माझे मालक दोघे एकाच साली साताऱ्याकडून झाशीच्या रेल्वे वर्कशॉपात लागले, एकाच साली रिटायर झाले आणि मऊरानीपूरच्या रस्त्याला या खेड्यात शेजारी शेजारी घरं बांधून बसले. तानाजीची बायको कमळा म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण. बाई शहाणी, पण पाखरांचं भारी वेड. शिंपी पाखरानं वांग्याच्या पानात घरटं शिवलं तर ते झाड ती तोडू द्यायची नाही. बुलबुलानं जास्वंदीत अंडी घातली तर देवाला फुलं माझ्या परसातून न्यायची. मी म्हणायचे, "कमळे, फुडल्या जन्माला चोच घिऊनच येशील बघ." ती नुसती हसायची.

यंदा तिच्या घरी दयाळाची जोडी होती. काळापांढरा नर पहाटे विजेच्या खांबावर बसून इतकं गोड गायचा की मे महिन्याच्या तलखीतही जीव थंड व्हायचा. घरटं मागच्या खोलीच्या झरोक्यात. बाहेरून पाखरू शिरेल एवढं भोक, आतल्या बाजूला जाळी, आणि मधे चार पिलं. मादी मोरीच्या ओलीत अळ्या शोधायची आणि कमळा तिच्या खेपा मोजायची. ही बाई घड्याळ बघत नाही, पण पाखरानं सकाळपासून किती खेपा केल्या ते अचूक सांगते.

त्या दिवशी मात्र ती हसत नव्हती. मी वई ओलांडून गेले, तशी म्हणाली, "शकू, ती आत जाईना बघ."

"कोन?"

"मादी. काल दिस बुडताना अळी घिऊन आत गेली आन् लगोलग भाईर आली. तवापासनं घास चोचीत धरून बसलीया. सोता खाईना, पिलांस्नी देईना. आन् पिलंबी गप हायती."

मी वर बघितलं. लिंबाच्या फांदीवर मादी होती, चोचीत हिरवी अळी. ती उडाली, झरोक्यापर्यंत गेली, तिथं पंख फडफडवून परत फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली. नर खांबावर होता, पण त्याचा आवाज नव्हता. एरवी या दिवसांत दहाच्या आधीच लू सुटते. आज पान हलत नव्हतं. मला काही बरं वाटेना.

"मांजर आली आसंल," मी म्हटलं.

"न्हाईतर धामण," तानाजी म्हणाला. "म्या कवाच सांगितलं हुतं, त्ये भोक बुजवू. बाळंतिनीच्या खोलीला कुनी भोक ठेवतं व्हय?"

कारण ती मागची खोली बाळंतिणीसाठी होती. त्यांची सून अंबिका झाशीच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, आणि आज तिसऱ्या दिवशी निशांत बायको-मुलीला घेऊन येणार होता. अंबिकेला आई नाही, त्यामुळे बाळंतपण सासरीच. तानाजीच्या आईनं घालून दिलेला नेम होता, बाळंतिणीला सव्वा महिना वारा लागता कामा नये. मागच्या खोलीला खिडकी नाही, दार लावलं की वाऱ्याचं नाव नाही. त्याच खोलीत गव्हाची पत्र्याची कोठीही होती, आढ्याला टेकेल एवढी. गेल्या वर्षी घुन लागून निम्मे गहू गेले, म्हणून यंदा तानाजीनं मऊरानीपूरहून कीड मारायच्या विषारी गोळ्या आणल्या. परवा संध्याकाळी दुकानदारानं सांगितल्याच्या दुप्पट कोठीत घातल्या आणि वरून झाकण शेणामातीनं लिंपलं. पुढची खोली द्या पोरीला, असं कमळानं दोनदा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. "कोठी लिंपलीया. माशी आत जायची न्हाई, वास भाईर यायचा न्हाई," म्हणाला.

काल दुपारी त्या खोलीला धुरी मी दिली होती. रीतच आहे ती, बाळंतीण यायच्या आधी ओवा, शेपा आणि लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून धूर करायचा. रात्री माझं डोकं फुटायला आलं, एकदा उलटीही झाली. ऊन बाधलं असेल म्हणून मी कांदा हुंगून पडले.

कमळानं शिडी लावली. सत्तावन्न वर्षांची बाई, पण माझं ऐकते कुठं. झरोक्यात हात घातला, तसा तिचा चेहरा उतरला. एकेक करून चार पिलं काढून तिनं पदरात घेतली आणि खाली उतरली. चारही धड होती. चोची उघड्या, माना लुळ्या.

"साप आसता तर गिळली आसती," ती म्हणाली. "मांजर आसती तर पिसं पडली आसती. ह्यांस्नी कुनी शिवलंबी न्हाई."

तानाजीनं पिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "धुरानं गुदमरली आसत्याल. काल वैनींनी धुरी दिली न्हवं का."

चार जिवांचं पाप माझ्या हातून घडलं की काय! पण कमळा म्हणाली, "धुरी दुपारची. दिस कलल्यावर पिलं वरडत हुती, म्या या कानांनी ऐकलं." आणि ती पिलं घेऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "लसनाचा वास येतुया," ती म्हणाली.

"मग धुरीत लसूनच आसतो की. टाकला न्हवं का, वैनी?"

मी मान हलवली. त्या मान हलवण्याची लाज मला आजही वाटते.

तेवढ्यात रस्त्याला ऑटोचा भोंगा वाजला. मी धावत पुढं गेले, कमळा येईना म्हणून भाकरतुकडा मीच ओवाळून टाकला. अंबिका उन्हानं कोमेजली होती, छातीशी मुलीचं गाठोडं. निशांतनं तिला आधार देत आत आणलं आणि सगळे मागच्या खोलीशी येऊन थांबले. दारात कमळा दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती.

"मम्मी, अंदर तो जाने दो," निशांत म्हणाला. मराठी त्याला कळते, बोलायला गेला की हिंदीच येते. "उससे खड़ा नहीं हुआ जा रहा."

"फुडच्या खोलीत ने. हितं न्हाई."

"बाजूला हो," तानाजी म्हणाला.

"न्हाई व्हनार. त्या आयेला ह्या खोलीचं काय कळलं त्ये तुमास्नी कळंना. पाखराची जात, पर लेकरं टाकून भाईर राह्यली. उगं न्हाई."

"पाखरं मेली म्हनून नातीला वाऱ्यात टाकतीस?" तानाजीचा आवाज चढला. "एक पोर घालवलीस, तेवढ्यानं पोट भरलं न्हाई व्हय तुजं?"

निशांत बापाकडे बघतच राहिला, त्याला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या आधी कमळाला एक मुलगी झाली होती, बत्तीस वर्षं झाली त्याला. तेव्हा ही मंडळी रेल्वे क्वार्टरात होती. आठव्या दिवशी मुलगी निजली ती उठली नाही. सासूनं गावभर केलं, सुनेनं पथ्य मोडलं, दूध नासलं, लेकरू तिच्याच दुधानं गेलं. कमळानं कधी उलटून उत्तर दिलं नाही. आताही तिनं चौकट तेवढी आणखी घट्ट धरली. ते बघून मला माझीच शिसारी आली.

"भावजी," मी म्हटलं, "धुरीत लसून न्हवता. घरात संपला हुता. आनायचा कट्टाळा केला म्या आन् तुमास्नी खोटं सांगितलं. ववा आन् शेपा, एवढंच टाकलं हुतं."

"मग ह्यो वास?"

विचारता विचारताच त्याला दुकानदाराचं बोलणं आठवलं असावं, त्या गोळ्यांचा वायूही लसणासारखाच वास मारतो. तानाजी कमळाच्या हाताखालून वाकून आत गेला. उन्हाळ्याच्या धगीनं कोठीचं लिंपण वाळून चहूबाजूंनी तडकलं होतं, बोट जाईल एवढ्या भेगा. तो दोन श्वास तिथं उभा राहिला असेल नसेल, खोकत खोकत बाहेर आला आणि भिंतीला धरून खाली बसला. निशांतनं आजूबाजूची सगळी दारं उघडली आणि बायकोला पुढच्या खोलीत नेलं. मागच्या खोलीकडे कुणी फिरकायचं नाही, असं त्यानं मला दोनदा बजावलं.

कमळा नवऱ्यापुढं बसली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं अगदी हळू विचारलं, "त्या वर्साला क्वार्टरात कोठी कुठं हुती वो?"

तानाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"माज्या उशाशी हुती. दुसरी जागाच न्हवती. त्यात गोळ्या घातल्या हुत्या?"

तानाजीनं गमछा तोंडाशी धरला. मग म्हणाला, "आयनं सांगितल्या आनाय. म्याच घातल्या." आणि एवढा साठीचा बाप्या तिथं भुईवर बसून हमसून हमसून रडायला लागला. कमळानं त्याला हात लावला नाही. पदरातली पिलं तिनं लिंबाच्या आळ्यात पुरली, हात धुतले आणि पुढच्या खोलीत सुनेपाशी आली.

तिथं पंखा चालू होता, खिडकी सताड उघडी होती आणि पोरगी भुकेनं टाहो फोडत होती. एवढा मोठा आवाज एवढ्याशा जिवाला येतो कुठून, कोण जाणे. अंबिकेनं तिला पाजायला घेतलं. तिनं सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं मान वर न करताच तिनं विचारलं, "आई, त्या वन्संचं नाव काय होतं हो?"

"नाव बाराव्या दिशी ठेवत्यात, बाळा," कमळा म्हणाली. "ती आठव्या दिशी गेली."