हसू नसलेला बंबवाला

“ऐकलंस का यास्ना, त्या रोमानाबाईंनी म्हणे वर्गात धूर केला आणि पोरांना आत कोंड…”

एवढ्यात वाऱ्याने खिडकी आपटली आणि शेजारच्या श्टेफकाबाईंचं उरलेलं वाक्य बाहेरच राहिलं. मी आत, खिडकीच्या फळीवर उभी होते. मी कोण? संडासातल्या कागदाची रिकामी नळी बोलतेय. नाक मुरडू नका. कागद असेपर्यंत तुम्हाला माझी आठवण नसते, आणि संपला की मी कचरा.

आमच्या लिपोव्का गावच्या बालवाडीत ऑक्टोबरात तेवढे आम्हा नळ्यांना बरे दिवस येतात. तो आगीच्या सावधगिरीचा महिना. मुलं घरून नळ्या आणतात, लाल रंग फासतात, वर कागदाचं शिरस्त्राण चिकटवतात, की झाला बंबवाला. म्हणजे मुलं अर्धाच करतात. उरलेला मुख्याध्यापिका दारिंकाबाई दुपारी बसून करतात, कारण पालकांसमोर सगळे सारखे दिसायला हवेत. अठरा नळ्या, छत्तीस गुलाबी गाल, आणि प्रत्येकीच्या तोंडावर कानापर्यंत फाटलेलं हसू. आगीत शिरणारा माणूस लग्नाला आल्यासारखे दात काढत येतो का हो?

आमचे बंबवाले पगारी नाहीत. खाटीक, सुतार, टपालवाला, हीच माणसं भोंगा झाला की हातातलं काम टाकून धावतात. गेल्या वर्षी लोइझे खाटीक तोंडावर श्वासाचा मुखवटा चढवून वर्गात आला, तेव्हा यास्नाची लेक टिंकारा बाकाखाली शिरली ती अर्धा तास निघेना. मोठी माणसं पोट धरून हसली. नव्या आलेल्या शिक्षिका रोमानाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

“खरी आग लागली आणि पोर अशीच लपून बसली तर?”

“अभद्र बोलू नका,” दारिंकाबाई म्हणाल्या. “गाल रंगवा.”

यंदा रोमानाबाईंनी गाल रंगवलेच नाहीत. टिंकाराने दह्याच्या डब्याचं झाकण कापून माझ्या तोंडावर डोळ्यांची काच बसवली, खाली काळ्या लोकरीची नळी लावली. तिकडे लोइझे मुलांसमोर एकेक वस्तू अंगावर चढवत होता, इकडे तीच वस्तू माझ्यावर चढत होती. मुखवट्यातून तो ‘हूऽ श्शूऽ’ असा श्वास घ्यायला लागला, तशी सगळी मुलं ‘हूऽ श्शूऽ’ करायला लागली.

“आता कोण आहे मी?”

“लोइझेकाका. पाय तुमचेच आहेत,” टिंकारा म्हणाली.

मग रोमानाबाईंनी बंबवाल्यांच्या उन्हाळी जत्रेतलं यंत्र लावलं. नाचाच्या वेळी वाजंत्रीवाले पांढरा धूर सोडतात, तेच. मुलं रांगत रांगत दारापर्यंत गेली आणि पुन्हा पुन्हा करू म्हणाली.

या खेळाची श्टेफकाबाईंच्या तोंडून काय दशा झाली, ते वर ऐकलंतच. दहा दिवसांत रोमानाबाईंना काढून टाका म्हणणारा अर्ज तयार. अकरा सह्या. पहिली यास्नाची.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार आला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाराला भोंग्याची तपासणी असते, त्यामुळे त्या वेळी कोणी मान वर करत नाही. यास्ना चुलीवर तेलाची कढई ठेवून, टिंकाराला “आलेच हं” म्हणत बारावी सही घ्यायला श्टेफकाबाईंकडे गेली. सूप समोर आलं, बोलणं लांबलं. भोंगा वाजला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला.

“आज दोनदा तपासतायत वाटतं,” श्टेफकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुपात आणखी शेवया घातल्या. हे त्यांनीच नंतर गावभर सांगितलं, वर लाजही नाही.

इकडे कढईतलं तेल पेटलं होतं, आणि समोरच्या बागवाल्याने आमच्या खिडकीतून धूर पाहून बंबवाल्यांना कळवलं होतं. मी टिंकाराच्या मुठीत, पलंगाखाली. धुरात काही दिसेना. मग दार फुटलं आणि ऐकू आलं, हूऽ श्शूऽ.

गेल्या वर्षीची टिंकारा भिंतीत शिरली असती. हिने मला पुढे धरलं आणि बारीक आवाजात उत्तर दिलं, “हूऽ श्शूऽ.”

“आलो गं माझी बाई,” मुखवट्यातून लोइझे म्हणाला. “पोटावर सरकत ये.”

ती आली.

सोमवारी बालवाडीत सभा भरली. यास्नाने मला टेबलावर ठेवलं. माझी एक बाजू होरपळलेली, लोकर जळालेली, वास तर विचारू नका. तिने अर्जावरची आपली सही खोडली. बाकीच्या दहा सह्या माना खाली घालून बसल्या होत्या, पण खोडायला एकही उठली नाही. रोमानाबाई राहिल्या. धुराचं यंत्र मात्र बंद. आणि दारिंकाबाई सर्वांसमोर म्हणाल्या, “मुखवट्याची कल्पना तशी माझ्या मनात होतीच.” ऐकून माझा उरलेला पुठ्ठाही वाकडा झाला.

मी पुन्हा खिडकीच्या फळीवर आहे. टिंकारा मला फेकू देत नाही. तुमच्या घरी पोरं माझ्या बहिणींना रंगवायला बसली, तर एवढं ऐका: त्यांच्या हातातला ब्रश काढून घेऊ नका, आणि बंबवाल्याच्या तोंडावर हसू तर मुळीच रंगवू नका.

काल श्टेफकाबाई कुंपणापाशी आल्या होत्या. खिडकी उघडी होती, म्हणून या वेळी वाक्य पुरं ऐकू आलं.

“वर्गाचं दार सताड उघडं होतं म्हणे गं त्या दिवशी. कोंडलं-बिंडलं काही नव्हतं.” वर त्या म्हणाल्या, “पण धूर होता. ते मी खोटं नाही बोलले.”

“होता,” यास्ना म्हणाली, आणि तिने माझ्यावरची राख पुसली.