लॉकची पूजा

फुकट म्हटलं की आमच्या सरांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. सर म्हणजे माझेच यजमान, रेणुकादास. सगळं लातूर त्यांना सर म्हणतं, मग मी एकटीनं वेगळं काय म्हणू? बायोलॉजीचा क्लास आमचा. मोठा नव्हे, घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पण मराठी मीडियमची पोरं पार निलंग्यापासून उमरीपर्यंतची यायची, ती सरांच्या नोट्ससाठी. हृदयाच्या झडपा सांगायच्या तर सर म्हणायचे, गोठ्याचं दार आतल्या बाजूलाच उघडतं, गुरं आत येतात, पण ढकलून बाहेर जात न्हाईत. पुस्तकातली तीन पानं वाचून जे डोक्यात शिरायचं न्हाई ते खेड्यातल्या पोराला असं एका ओळीत कळायचं. सर बोलायचे आणि मी कॉम्प्युटरवर टाइप करायचे. क्लास म्हणजे त्या नोट्सच. बाकी बाकं आणि बोर्ड काय, कुणाकडंही असतात.

त्या नोट्स ज्या सॉफ्टवेअरात होत्या त्याला एक लॉक होतं. काडेपेटीएवढा डबा, सीपीयूच्या मागं खोचायचा. तो खोचला तर मराठी दिसणार, न्हाई तर बसा बोंबलत. आमच्या फाइली दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरात उघडायच्या न्हाईत. नव्या कॉम्प्युटरला तसला डबा खोचायची सोयच नसते, म्हणून तो जुना खटारा आम्ही लेकरासारखा जपून राहिलो होतो. नाकापेक्षा मोती जड. पण सरांपुढं बोलायची सोय न्हाई. लातुरात ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा घेणाऱ्यांत आपण होतो, ही त्यांची ऐट.

अनिमेष हा सरांचा जुना विद्यार्थी, भोकरचा. डॉक्टरकी हुकली, पण पोरगं हुशार. नांदेडात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं त्यानं. एकदा मुद्दाम आला आणि सरांच्या मागंच लागला.

"सर, हे लॉकचं झंझट सोडा आता. ओपन सोर्स म्हणून सॉफ्टवेअर असतं. लायसन न्हाई, लॉक न्हाई, पाहिजे तेवढ्या कॉम्प्युटरवर टाका. मी नांदेडात एका साप्ताहिकाचं सगळं काम त्याच्यावर आणलं. एका कापसाच्या जिनिंगवाल्याचं आणलं."

"देतं कोण हे?" सरांनी विचारलं.

"जगभरची माणसं मिळून बनवतात, सर. आतलं सगळं उघडं असतं. बनवणारा उद्या मेला तरी दुसरा कुणी पुढं चालवतो. बिघडलं तर नांदेडातला माणूससुद्धा नीट करू शकतो. तुमची फाइल कुण्या कंपनीच्या दावणीला बांधलेली राहत न्हाई. पैसे वाचतात ते सोडा, धंद्याला खरा फायदा हा हाय."

"म्हणजे फुकट."

"हाव, सर."

झालं! मी चहा घेऊन आले तर सरांचा चेहरा दगडासारखा.

"भूकंपाच्या वेळी तू केवढा होतास, अनिमेष? पाळण्यात असशील. आमचं गाव निलंग्याकडचं. आई गेली माझी त्यात. मग ट्रक यायला लागले. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग टाकून जायचे. मला एक कोट मिळाला, सुटातला. त्याला एकच बाही. वरून पाऊस, थंडी वाजायची, म्हणून तोच घालून पत्र्याच्या शेडात बसायचो, आणि शहरातली माणसं माझे फोटो काढून न्यायची. फुकट देणारा तुला लागतं ते देत न्हाई. त्याला नको झालेलं असतं ते देतो."

"सर, ते दान होतं. हे दान न्हाई. जे बनवतात ते स्वतः हेच वापरतात. आपल्या घरी शिजलं त्याच भांड्यातलं वाढल्यासारखं हाय हे."

पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं सांगू? सरांना एकट्याला दोष देऊन काय करता? या गावानंच त्यांना तसं शिकवलं. एका वर्षी गरिबांची पोरं यावीत म्हणून सरांनी फी निम्मी केली होती. तर पालक दारात उभे राहून विचारायचे, "एवढी कमी का हो? सर नवीन हायेत का?" आणि समोरच्या महागाच्या क्लासात जाऊन पोराला बसवायचे. पुढच्या वर्षी सरांनी फी चढवली, तर बसायला जागा न्हाई. आता बोला! अशा गावात फुकटाला इज्जत कोण देणार? अनिमेष गेला, लॉक राहिलं.

पुढं डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षाच बदलली, अभ्यासक्रम बदलला. छापलेल्या जुन्या नोट्स रद्दीत गेल्या. सरांनी पहिल्यापासून सगळं नव्यानं सांगायला घेतलं. दोन वर्षं रोज सकाळी ते येरझाऱ्या घालत बोलायचे आणि मी टाइप करायचे. अर्धवट छापायचं न्हाई म्हणाले, सगळं झालं की दिवाळीनंतरच्या रिव्हिजन बॅचला एकदम देऊ. आषाढात शेवटचा धडा संपला. आणि आठ दिवसांत सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं कसंबसं परत आलं, पण अडखळत, गोल गोल. दवाखान्याच्या धावपळीत नोट्स छापायचं राहूनच गेलं.

क्लास आता अपूर्वाच्या गळ्यात पडला. अपूर्वा आमची मुलगी, एमएस्सी झालेली, शिकवते चांगलं. पण समोर बाहेरगावचा मोठा क्लास आला होता, एसीचा, काचेचा. पोरं गळायला लागली. उरलेली पोरं अपूर्वाला एकच विचारायची, "मॅडम, सरांच्या नव्या नोट्स दिवाळीनंतर मिळणार ना? मिळणार असतील तर आम्ही थांबतो." अपूर्वा म्हणायची, मिळणार. नोट्स हातात पडल्या तर क्लास जगणार, न्हाई तर दाराला कुलूप. इतकं सरळ होतं ते.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. मास्तराच्या घरी हत्यारं कसली? पुस्तकं, खडू, आणि ते लॉक. दरवर्षी सर ते स्वतः काढायचे, ताम्हनात ठेवायचे, कोरडं हळदकुंकू, एक फूल, झालं. या वर्षी मी म्हणाले, अपूर्वा करेल. तर सर ऐकेनात. खुर्ची पाटाजवळ ओढायला लावली. डावा हात थरथरत होता. बाजूला देवाच्या पंचामृताची वाटी होती, तिला हात लागला. दूध, दही, मध सगळं लॉकवर.

मी जी किंचाळले! "अहो, देवाला पंचामृत लागतं, त्या मेल्या डब्याला कशाला?" पुसलं, उन्हात ठेवलं. अपूर्वा म्हणाली, दोन दिवस असंच वाळू द्या. पण सर हट्टाला पेटले. पूजेनंतर मशीन सुरू झालीच पाहिजे, बंद ठेवणं अपशकुन. आजारी माणसापुढं किती वाद घालायचा? खोचलं. चर्र असा बारीक आवाज आला, जळका वास आला, आणि स्क्रीनवर आलं की लॉक सापडत नाही.

कंपनीला फोन लावला. त्या नंबरावर एक बाई बोलली, कार्य कधीचं आहे, हॉल रिकामा आहे का बघते. कंपनीनं केव्हाच गाशा गुंडाळला होता, तिथं आता मंगल कार्यालय. फाइली होत्या हो सगळ्या! सीडीवर होत्या, पेनड्राइव्हवर होत्या, अपूर्वानं किती ठिकाणी कॉपी करून ठेवल्या होत्या. पण नुसत्या कुलपांच्या कॉप्या करून काय उपयोग, किल्ली एकच होती.

शेवटी अनिमेषला बोलावलं. बिचारा दुकान बंद ठेवून आला. वरातीमागून घोडं, पण त्यानं तोंडावर तसं दाखवलं न्हाई. सगळा दिवस बसला. फाइल उघडायची तर नुसते चौकोन आणि टिंबं. संध्याकाळी त्यानं चष्मा काढला.

"काकू, कंपनीनं आतली भाषा कुणाला सांगितलीच न्हाई. बंद होताना सोबत घेऊन गेले. हे जर उघड्या सॉफ्टवेअरात असतं ना..." एवढं बोलला आणि चष्मा पुसायला लागला. सर समोरच खुर्चीत होते.

मला इतका संताप आला! कुणाचा आला तेही कळेना. कंपनीचा, सरांचा, त्या एका बाहीच्या कोटाचा. मी म्हणाले, "अनिमेष, टाक तुझं ते सॉफ्टवेअर. नव्यानं टाइप करते. दिवाळीला अवकाश हाय. सर सांगतील."

अपूर्वाच्या कॉम्प्युटरवर त्यानं टाकलं. काही लागलं न्हाई त्याला, ना डबा ना किल्ली. मी 'क' दाबला तर 'क' आला, स्वच्छ, ठसठशीत. सरांनी मान पुढं करून बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, फुकटाचं नको. पण म्हणाले न्हाईत. किती तरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान हाय." त्या माणसाला मी इतकं नमलेलं कधी बघितलं नव्हतं.

"सांगा," मी म्हणाले. "पेशी विभाजनापासून घेऊ."

सरांनी डोळे मिटले. "आंब्याचं... एवढं मोठं झाड. पण सुरुवात... एका पेशीपासून."

मी टाइप केलं. अपूर्वा दाराला टेकून उभी होती, तिचा चेहरा उजळला.

"पुढं?" मी म्हणाले.

"आंब्याचं एवढं मोठं झाड," सर म्हणाले. "पण सुरुवात एका पेशीपासून."

"ते झालं, सर. पुढं."

ते ओठ हलवत राहिले. आंबा, आंबा, असं दोनदा म्हणाले. कपाळावर घाम आला. अनिमेष पाणी आणायला उठला. मग सर एकदम सावरून बसले, काही सुचल्यासारखे, आणि माझ्याकडं वळले.

"तू सांग," म्हणाले. "तूच टाइप केलंयस. दोन वर्षं. पुढं तू सांग."

मी तोंड उघडलं. खरंच, मीच केलं होतं की! एकेक शब्द माझ्या बोटांखालून गेला होता, एक अक्षर चुकलं तर सर ओरडायचे. पण बोटं चालायची, तेव्हा डोकं कुकरच्या शिट्ट्या मोजायचं, आज भाजी काय करायची ते बघायचं. मी टाइप केलं होतं, वाचलं नव्हतं. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? मी स्क्रीनकडं बघितलं, सरांकडं बघितलं. मेली एक ओळ आठवेना.

सर वाट बघत होते. रागानं न्हाई. हिला येतं, जरा वेळ दिला की सांगेल, अशा भरवशानं बघत होते. मी इकडं हात चोळत होते आणि दारातली अपूर्वा केव्हा निघून गेली मला कळलं न्हाई. जिन्यावर तिची पावलं वाजली, मग वर क्लासच्या खोलीचं दार लागलं.

"मला न्हाई येत हो," मी म्हणाले आणि पदरात तोंड घालून ढसाढसा रडले.

सर धडा न येणाऱ्या पोराला वर्गात म्हणायचे तसं, अगदी हळू, न रागावता म्हणाले, "बरं. बस खाली."