अळीचं कूळ

देवळ्याजवळच्या त्या मळ्यात गुरांना चारा टाकून झाला की मनीषा रोज बांधावर येऊन उभी राही. आपला मका बघायला नव्हे, जावेचा मका बघायला. अलीकडचं वावर तिचं आणि गोरक्षचं, पलीकडचं धाकटा दीर दीपक याचं. दीपक वारल्यापासून ते त्याची बायको सुवर्णा एकटी कसत होती. लष्करी अळी यंदा दोन्हीकडे पडली होती. पण मनीषाच्या मक्याची पानं चाळणीसारखी झाली होती आणि सुवर्णाचा मका वाऱ्यावर डोलत होता. ते डोलणं मनीषाला बघवत नव्हतं.

त्यात तिची मुलगी स्नेहल. ती नाशिकला इंदिरानगरात राहून कॉलेजात जीवशास्त्र शिकत होती. सुट्टीत घरी आली की पिशवी ओट्यावर टाकून आधी काकूकडे चहाला जाई. तो चहाही मनीषाला कडू लागे, न पिता.

या घरात एक रीत होती. पेरणीचं पहिलं बी सवाष्णीनं टाकायचं; विधवेनं बांधाबाहेर थांबायचं. यंदा पहिलं बी टाकायला या, असा सुवर्णानं निरोप धाडला तेव्हा मनीषा मुद्दाम उशिरा निघाली. जाऊ आपल्यासाठी ताटकळते आहे, याचं तिला बरं वाटत होतं. तिकडे जमिनीची ओल उडू लागली. शेवटी सुवर्णानं पदर खोचला आणि स्वतःच बी टाकलं.

पुढे अळी पडली, तेव्हा शेजारच्या गोजराबाईला मनीषा सहज बोलावं तसं बोलली, "विधवेच्या हातचं बी. मग अळी नाय पडणार तर काय?"

वाक्य एवढंच होतं, पण ते गावभर फिरलं. बायका निंदणीला सुवर्णाला बोलावीनाशा झाल्या. सासू लंकाबाईनं तर निकालच दिला. पुढच्या पेरणीपासून सुवर्णानं वावरात पाऊल ठेवायचं नाही, तिचं वावर गोरक्षनं करायचं, तिनं घरात बसून दोन घास खावेत. सुवर्णा रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी मक्यात गेली.

स्नेहलला हे कळलं तेव्हा तिनं दोन्ही वावरांतल्या अळ्या बाटल्यांत भरून नाशिकला नेल्या. तिच्या कॉलेजात पेठ तालुक्यातल्या आणि इतर ठिकाणच्याही अळ्या जमवल्या होत्या. तपासणी झाल्यावर ती घरी आली आणि पडवीत सगळ्यांना बसवून लहान मुलांना सांगावं तसं सांगू लागली. नाकाडोळ्यांवरून आपण ओळखतो ना, हा अमक्याचा नातू? तशीच खूण प्रत्येक जिवाच्या शरीरात आत दडलेली असते. आईबापांकडून ती पोरांकडे येते. या अळीचा पतंग नक्की कुठल्या दिवशी कुणाच्या वावरात उतरला, हे त्यावरून सांगता येत नाही. पण त्याचं कूळ सांगता येतं.

"आपली अळी, काकूची अळी, पेठची अळी, सगळ्या एकाच कुळातल्या," ती म्हणाली. "आफ्रिकेतल्या अळ्यांशी त्यांचं नातं जुळतं. तिथं ती अमेरिकेकडून आलेली. आजी, काकू कधी मालेगावच्या पुढं तरी गेली हे का?"

मनीषाला राहवलं नाही. "मग तिच्याकडं कमी का?"

"काकू रोज पानं उलटून अंडी चिरडते. तू काय करते?"

मनीषाला आठवलं. अळी नुकती दिसू लागली होती तेव्हा सुवर्णानं बांधावरून हाक मारली होती, "ताई, पानाखाली अंडी हायेत, बघून घ्या." मिरवते मेली, असं मनात म्हणून तिनं तोंड फिरवलं होतं.

रब्बीच्या पेरणीला सुवर्णाच्या बांधावर सगळे जमले. सुनावलेलं मागे घेणं लंकाबाईला जमत नव्हतं. तिनं बियाण्याचं सूप मनीषाच्या हाती दिलं. सुवर्णा बांध ओलांडून आत आली आणि सरीत उभी राहिली.

"आत्या, घरात मी बसणार नाय," ती शांतपणे म्हणाली. "वावर माझं हे. पहिलं बी मीच टाकीन."

"अगं, लोकं काय म्हणतील?" लंकाबाई म्हणाली.

गोजराबाई मनीषाकडे बघत होती. स्नेहलही बघत होती. बांधाच्या दुसऱ्या बाजूला मनीषाच्या कुरतडलेल्या मक्याची धाटं अजून उभी होती.

"लोकांच्या तोंडी ते मीच घातलं," मनीषा म्हणाली. मग सरीत उतरून तिनं सूप जावेपुढे धरलं. "धर. पण या खेपेलाही तुझा मका माझ्याहून उंच झाला ना, तर मी जळणार हे. आत्ताच सांगून ठेवते."

"जळा की ताई," सुवर्णा वाकून बी टाकत म्हणाली. "पण सकाळी पानं उलटायला या."

देवळ्याच्या त्या बांधावरचा प्रश्न एका मुलीनं सोडवला. तुमच्या-आमच्या बांधाबाहेर आज कोण थांबलं आहे, ते मात्र आपलं आपणच बघायला हवं.